पटावरचे घर

बुद्धिबळाच्या किंवा सारीपाटाच्या पटावरील चौकोनाला मराठीत 'घर' म्हणतात. सोंगटी घरात बसते, घर अडवते, घर सोडते, प्रसंगी दुसऱ्याचे घर बळकावते. हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्यातील रूपक आता कोणाला जाणवतही नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय झालेल्या युद्धखेळांचा, आणि त्यातही कडाक्याच्या हिवाळ्यात बचाव कसा करावा या त्यांतील प्रसिद्ध समस्येचा, विचार करू लागताच मात्र हे निद्रिस्त रूपक जागे होते. या पटावर सोंगटी ज्या घरात थंडीपासून आसरा घेते, ते घर इतिहासात खरोखरच कोणाचे तरी घर होते. सोंगटीला तेथे जागा मिळाली तेव्हा त्या घरातील माणसे कोठे गेली, हा प्रश्न पटावर उपस्थित होत नाही. तो उपस्थित न होणे ही खेळाची स्वाभाविक मर्यादा मानावी, की तो एक नैतिक निर्णय समजावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

समस्येचे स्वरूप थोडक्यात असे. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि डिसेंबरच्या आरंभी जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवर येऊन थांबले. ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिचढाई सुरू झाली. मोहीम हिवाळ्यापूर्वी संपेल या भरवशावर पुढे गेलेल्या या सैन्यापाशी पुरेसे गरम कपडे नव्हते. वंगण गोठत होते, यंत्रे चालू होत नव्हती, घोडे मरत होते आणि आगगाड्यांची वाहतूक कोलमडली होती. या प्रसंगावर आधारलेल्या खेळांत जर्मन बाजू घेणाऱ्या खेळाडूची पाच-सहा महिने नुसती आगेकूच चाललेली असते. आता त्याच्या सोंगट्यांचे बळ एकाएकी घटते, रसद आटते आणि दर खेळीला झीज होऊ लागते. वसंत येईपर्यंत सैन्य शाबूत राखणे एवढेच उद्दिष्ट त्याच्यापुढे उरते. जाणकार खेळाडू या टप्प्याला कौशल्याची खरी कसोटी मानतात, कारण चढाईत नशीब हात देते, पण माघारीत आणि बचावात केवळ विवेकच उपयोगी पडतो.

या खेळांना दीर्घ परंपरा आहे. चतुरंगाचा उगम भारतात झाला, परंतु आधुनिक युद्धखेळाची वंशावळ प्रशियापासून सुरू होते. रायस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली आपल्या वडिलांच्या खेळाला शिस्तबद्ध रूप देऊन नियमावली प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष भूमीचा १:८००० प्रमाणातील नकाशा, तुकड्यांच्या ठोकळ्या, हानी ठरवण्यासाठी फासे आणि तक्ते, आणि निवाड्यासाठी पंच अशी त्याची मांडणी होती. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली 'टॅक्टिक्स' हा खेळ बाजारात आणला. त्यांच्या अॅव्हलॉन हिल या संस्थेने १९६३ साली 'स्टालिनग्राड' प्रसिद्ध केला. तोपर्यंत चौकोनाची जागा षट्कोनाने घेतली होती. २०१० साली संगणकावर आलेल्या 'गॅरी ग्रिग्सबीज वॉर इन द ईस्ट' या खेळात एक खेळी म्हणजे एक आठवडा आणि एक षट्कोनी घर म्हणजे सुमारे दहा मैलांचा प्रदेश असे प्रमाण आहे. त्यात मालमोटारी, तोफा, इंधन आणि दारूगोळा यांची बारकाईने मोजदाद होते आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यासाठी खास नियम आहेत. पावणेदोनशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीचा ध्यास एकच दिसतो, तो यथार्थतेचा. अधिकाधिक गोष्टी मोजाव्यात, म्हणजे पट इतिहासाच्या अधिकाधिक जवळ जाईल, अशी ही श्रद्धा आहे.

चांगला खेळाडू या हिवाळ्याला कसा सामोरा जातो? तो नोव्हेंबरमध्येच चढाईचा मोह आवरतो, खंदक खणू लागतो, चिलखती तुकड्या मागे घेऊन त्यांना विश्रांती देतो. तो भूमीच्या लोभात पडत नाही. जमीन परत घेता येते, वेढ्यात सापडलेली तुकडी परत मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते. तो आघाडीची रेषा आखूड करतो, थोडे राखीव बळ हाताशी ठेवतो आणि शक्य तेथे सोंगट्या गावांच्या व शहरांच्या घरांत बसवतो, कारण अशा अनेक खेळांत त्या घरांत हवामानाचा फटका कमी बसतो किंवा बचावाला अधिक गुण मिळतात. संयम, दूरदृष्टी, अनासक्ती, काटकसर हे सारे गुण नीतिग्रंथांतही गौरविलेले आहेत. यात कोठेही क्रौर्याचा लवलेश दिसत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. दुष्ट माणसाने दुष्ट खेळी केली तर नीतिविचाराला फारसे काम उरत नाही. सद्गुणी खेळाडू सद्गुणांच्याच बळावर कोठे पोहोचतो, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

पहिली अडचण 'बचाव' या शब्दातच आहे. या शब्दाच्या गाठीला मोठी पुण्याई आहे. हल्ला करणाऱ्याकडे स्पष्टीकरण मागितले जाते, बचाव करणाऱ्याला सहानुभूती आपोआप मिळते. जो बचावतो तो वाचतो, आणि वाचण्याच्या धडपडीला दोष कसा द्यावा? हिवाळा या सहानुभूतीत भर घालतो. बर्फात कुडकुडणारी, संख्येने घटलेली, रसदीवाचून तगून राहिलेली तुकडी कोणाचीही असो, मन तिच्याकडे ओढले जाते. जूनमध्ये ज्याने दुसऱ्याची सीमा ओलांडली, तोच डिसेंबरमध्ये पीडित म्हणून समोर येतो. निसर्ग शत्रू झाला की मूळ अपराध झाकला जातो, कारण थंडी कोणाच्या न्यायान्यायाची चौकशी करीत नाही. पटावर तर हे परिवर्तन फारच सहज घडते, कारण तेथे जून महिना ही केवळ संपून गेलेली खेळी असते.

प्रत्यक्षात तो बचाव कशाचा होता हे पाहण्यासाठी नकाशाच्या उत्तरेकडील टोकाकडे वळले पाहिजे. तेथे लेनिनग्राडला ८ सप्टेंबर १९४१ पासून वेढा पडला होता. शहराची शरणागती स्वीकारू नये, असा जर्मन सर्वोच्च सैन्यकार्यालयाचा ७ ऑक्टोबर १९४१ चा आदेश होता. ते उपासमारीने संपावे अशी योजना होती. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात तेथील कारकून, अवलंबित आणि मुले यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही पिठाऐवजी भरीच्या पदार्थांचे प्रमाण मोठे होते. जानेवारी १९४२ मध्ये वोल्खोव्ह नदीच्या बाजूने सोव्हिएत सैन्याने हा वेढा फोडण्याचा प्रयत्न सुरू केला. जर्मन फळी वाकली, पण तुटली नाही. पटाच्या भाषेत हा हिवाळ्यातील बचावाचा उत्तम नमुना ठरतो. मात्र ही फळी टिकली म्हणूनच वेढा टिकला आणि वेढा टिकला म्हणून शहर उपाशी राहिले. नुरेंबर्ग येथे मांडल्या गेलेल्या अधिकृत आकड्यानुसार लेनिनग्राडमध्ये उपासमारीने मेलेल्या नागरिकांची संख्या सहा लाख बत्तीस हजारांहून अधिक होती. पुढील अभ्यासकांचे अंदाज त्याहून मोठे आहेत. बचाव आणि वेढा ही येथे एकाच फळीची दोन तोंडे होती. खेळ त्यांतील एका तोंडाला गुण देतो आणि दुसरे त्याच्या पटावर उमटतच नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. पटावरील हिवाळा मोजलेला असतो. काही खेळांत हवामान फाशावर ठरते, तरीही वसंताची सीमा खेळ्यांच्या तक्त्यावर छापलेली असते. आणखी किती खेळ्या काढायच्या हे खेळाडूला ठाऊक असते आणि त्याचा सारा संयम या ज्ञानावर उभा असतो. इतिहासातील माणसांपाशी असा तक्ता नव्हता. डिसेंबर १९४१ च्या मध्यावर हिटलरने माघारीला बंदी घातली, १९ डिसेंबरला भूसेनेचे सेनापतिपद स्वतःकडे घेतले, आणि परवानगीवाचून मागे हटणाऱ्या गुडेरियन व होपनर या सेनानींना पुढील काही आठवड्यांत दूर केले. या आदेशानेच सैन्य वाचले, असे युद्धानंतर अनेक जर्मन सेनानी सांगत राहिले. डेव्हिड स्टाहेल यांनी 'रिट्रीट फ्रॉम मॉस्को' या २०१९ च्या ग्रंथात याच्या उलट मांडणी केली आहे. त्यांच्या मते आदेशाने हानीच झाली आणि सैन्य जे तगले ते स्थानिक सेनानींनी तो आदेश निरनिराळ्या युक्त्यांनी चुकवल्यामुळे. हा वाद इतिहासकारांचा आहे. नीतिदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'एक पाऊलही मागे नाही' असे फर्मावणाऱ्याला आणि ते पाळणाऱ्याला वसंत केव्हा आणि कोणासाठी येणार हे माहीत नव्हते. फेब्रुवारी १९४२ मध्ये देम्यान्स्क येथे सुमारे एक लाख जर्मन सैनिक वेढ्यात सापडले. त्यांना विमानांनी रसद पुरवली गेली आणि एप्रिलमध्ये त्यांच्यापर्यंत वाट काढता आली. त्या हिवाळ्याच्या यशावर विसंबून पुढच्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला अडकलेल्या सैन्याला जागेवरच ठेवण्यात आले. २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत तेथे सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले आणि त्यांपैकी सहा हजारांच्या आसपासच पुढे घरी परतले. मोजलेल्या हिवाळ्यात चिकाटी म्हणजे हिशेब असतो. न मोजलेल्या हिवाळ्यात ती कधी धैर्य ठरते, तर कधी दुसऱ्यांच्या प्राणांवर लावलेली पैज. खेळ या दोहोंतील भेद पुसून टाकतो.

या दोन अडचणींहून गंभीर अडचण मात्र घराची आहे. त्या हिवाळ्यात उघड्यावर रात्र काढणे म्हणजे मरण, हे दोन्ही सैन्यांना कळले होते. म्हणून लढाई बरीचशी खेड्यांसाठी, म्हणजे छपरांसाठी आणि चुलींसाठी झाली. १७ नोव्हेंबर १९४१ च्या ०४२८ क्रमांकाच्या आदेशाने स्टालिनने जर्मन आघाडीच्या मागे ४० ते ६० किलोमीटर खोलवर आणि रस्त्यांच्या दोन्ही अंगांना २० ते ३० किलोमीटरपर्यंतची सर्व वस्ती जाळून टाकण्यास सांगितले, म्हणजे शत्रूला ऊब मिळणार नाही. ही घरे रशियन शेतकऱ्यांची होती. अशाच कामगिरीवर पेत्रिश्चेवो या खेड्यात गेलेल्या अठरा वर्षांच्या झोया कोस्मोदेम्यान्स्कायाला जर्मन सैनिकांनी २९ नोव्हेंबरला फाशी दिले. जर्मन सैन्यानेही माघार घेताना गावे जाळली आणि मुक्काम करताना रहिवाशांना घराबाहेर काढले, त्यांचे नमद्याचे बूट आणि कातडी कोट हिसकावले. डिसेंबरच्या अखेरीस जर्मनीत जनतेकडून सैनिकांसाठी लोकरीचे व फरचे कपडे गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हा वॉर्सा घेट्टोतील ज्यूंना त्यांच्याजवळचे सर्व फर जमा करण्याचा हुकूम झाला. १९४१ मध्ये पकडलेल्या सुमारे साडेतेहेतीस लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी वीस लाखांहून अधिक कैदी फेब्रुवारी १९४२ पर्यंत भूक, थंडी, रोग आणि गोळ्या यांनी मेले. त्यांतील कित्येकांच्या छावण्या म्हणजे तारेचे कुंपण घातलेली उघडी मैदाने होती. पटावर मात्र वेढलेली सोंगटी 'मेली' की उचलून बाजूला ठेवतात, आणि तिची गोष्ट तेथे संपते.

या साऱ्या तपशिलांतून एकच नैतिक सत्य उभे राहते. कडाक्याच्या हिवाळ्यात ऊब ही मर्यादित वस्तू असते आणि एकाला मिळालेली ऊब बहुधा दुसऱ्याच्या वाट्याची असते. हिवाळ्यातील प्रत्येक बचाव हा उबेच्या वाटपाचा निर्णय असतो. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर काढायचे, हा त्या बचावाचा गाभा होय. युद्धखेळाने ऊब भूप्रदेशाचा गुणधर्म करून टाकली. अमुक घरात बसल्यास झीज कमी, इतकाच नियम उरला. निसर्गाने दिलेल्या टेकडीचा किंवा नदीचा लाभ जसा निरपराध, तसाच गावाचा लाभही निरपराध भासू लागला. दुसऱ्याकडून घेतलेल्या गोष्टीला निसर्गाची देणगी ठरवणे ही अन्यायाची फार जुनी रीत आहे, आणि ती युद्धापुरतीच मर्यादित नाही.

यावर आक्षेप येईल की खेळाला खेळासारखेच पाहावे. बुद्धिबळातील प्यादे मारले जाते तेव्हा त्याच्या विधवेसाठी कोणी शोक करीत नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगितले आणि शेवटी खऱ्या युद्धापेक्षा हे खोटे युद्धच बरे, असा शांततावादी कौल दिला. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो बुद्धिबळाला जितका लागू पडतो तितका या खेळांना पडत नाही. बुद्धिबळ कोणत्याही विशिष्ट युद्धाचे चित्र असल्याचा दावा करीत नाही. त्याचा हत्ती कोणत्याही राजाचा नाही. प्रस्तुत खेळ मात्र तारीख सांगतात, गावांची नावे छापतात, तुकड्यांचे क्रमांक आणि तोफांची संख्या देतात, गोठलेल्या वंगणाचाही हिशेब मांडतात. ज्याने काहीच मोजलेले नाही त्याला 'अमुक का मोजले नाही' असे विचारता येत नाही. जो तेलाचा थेंब मोजतो त्याने माणूस मोजला नाही, तर तो विसर अर्थपूर्ण होतो. यथार्थतेचा दावा जसजसा वाढतो, तसतशी गाळलेल्या गोष्टीची जबाबदारीही वाढत जाते. हे तत्त्व कादंबरीला आणि इतिहासलेखनाला लागू आहे, तसेच ते खेळालाही लागू करावे लागते.

शिवाय ही गाळणी निव्वळ सोयीसाठी झाली असेही म्हणता येत नाही. तिला वाङ्मयीन पूर्वपीठिका आहे. युद्धानंतरच्या दशकांत पाश्चात्त्य वाचकाला पूर्व आघाडी कळली ती मुख्यत्वे पराभूत सेनानींच्या आत्मकथनांतून. गुडेरियनचे आत्मचरित्र १९५१ मध्ये आणि मान्स्टाइनचे 'फरलोरेने झीगे', म्हणजे 'गमावलेले विजय', १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. या लेखनात युद्ध म्हणजे चाली, अंतरे, हवामान आणि हिटलरच्या चुका. ज्या मान्स्टाइनने २० नोव्हेंबर १९४१ च्या आदेशात शत्रुप्रदेशातील नागरिकांच्या उपासमारीला संमती दिली होती आणि ज्याला १९४९ साली हॅम्बर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावली, त्याच्या आठवणींत त्या भुकेला जागा मिळाली नाही. रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही दृष्टी अमेरिकी लोकसंस्कृतीत आणि युद्धखेळांत कशी उतरली याचा मागोवा घेतला आहे. निवेदकाने जे गाळले ते पुढे नियमावलीतही गळाले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. कथनाचा दृष्टिकोन एकदा निश्चित झाला की त्यातून न दिसणारी माणसे पुढील आवृत्त्यांतही दिसत नाहीत.

या न दिसणाऱ्या माणसांसाठी मराठीत एक शब्द आहे, 'बुणगे'. लष्कराबरोबर असणाऱ्या पण न लढणाऱ्या लोकांसाठी तो बखरींत, पत्रांत आणि इतिहासग्रंथांत येतो, आणि बहुधा तुच्छतेने येतो. १७६० च्या नोव्हेंबरपासून पानिपतावर मोर्चे बांधून बसलेल्या मराठी छावणीनेही एक हिवाळा बचावात काढला. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीची उरलीसुरली वाट बंद झाली. शेवटी उपासमार असह्य होऊन १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले. या पराभवाची मीमांसा करताना बुणग्यांचा भार हे एक कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. यात्रेकरू, बायका, मुले, नोकर, व्यापारी या माणसांचा उल्लेख होतो तो अडथळा म्हणून. त्यांनी ती थंडी कशी काढली याची विचारपूस क्वचितच होते. तरीही भाषेने त्यांच्यासाठी एक शब्द राखला, म्हणून ती माणसे हिशेबात, निदान वजाबाकीच्या रकान्यात, शिल्लक राहिली. आधुनिक युद्धखेळात तेवढीही नोंद नाही. सिमोन वेय यांनी १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इलियड'वरील निबंधात बळ माणसाची वस्तू करते असा विचार मांडला होता. सोंगटी हे या वस्तुकरणाचे अखेरचे रूप मानता येईल. परंतु पेत्रिश्चेवोच्या शेतकऱ्याला आणि वॉर्साच्या घेट्टोतील स्त्रीला वस्तू म्हणूनही पटावर स्थान मिळालेले नाही.

मग असा खेळ खेळणारा दोषी ठरतो काय? असा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. कोणाचेही घर खेळाडूने जाळलेले नसते आणि त्याच्या खेळीने इतिहासातील एकाही माणसाचे दुःख वाढत नाही. उलट सावधपणे खेळणाऱ्याला या पटावर एक दुर्मीळ ज्ञान मिळू शकते. 'ठाण मांडा' हा हुकूम देणे किती सोपे, किती तर्कशुद्ध आणि किती निर्विकारपणे करता येण्याजोगे आहे, हे त्याला स्वतःच्या हाताने कळते. इतिहासग्रंथ वाचताना वाचक मनोमन पीडितांच्या बाजूला उभा राहतो आणि हुकूम देणारा त्याला परका वाटतो. खेळाडू मात्र हुकूम देणाऱ्याच्या जागी बसतो, आणि आपल्याला तेथे अवघडल्यासारखे वाटले नाही हे त्याच्या ध्यानात येऊ शकते. एखादी तुकडी दुसऱ्या चार तुकड्यांना वेळ मिळावा म्हणून बळी देताना त्याला समाधानच वाटलेले असते. त्या समाधानाकडे तो मागे वळून पाहील, तर खेळ त्याला आरशासारखा उपयोगी पडेल. न पाहील, तर संयम आणि दूरदृष्टी हे सद्गुण कोणाच्या जिवावर आचरले जातात हे न विचारण्याची सवय त्याच्या अंगी थोडी अधिक मुरेल. दोष खेळात किंवा खेळण्यात नाही. तो ही चौकशी न करण्यात आहे.

ही चौकशी नियमावलीतच आणता येते याचे उदाहरणही उपलब्ध आहे. वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज या संस्थेने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' हा संगणकखेळ प्रसिद्ध केला. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला होता. येथे खेळाडूच्या हाती सेना नाही. वेढलेल्या शहरातील एका पडक्या घरात तगून राहणारी काही माणसे आहेत. हिवाळा येतो तेव्हा शेगडी पेटती ठेवावी लागते, आणि लाकूड संपले की सामान व पुस्तके जाळावी लागतात. रात्री दुसऱ्याच्या घरात शिरून अन्न व औषधे आणता येतात. एका घरात वृद्ध दांपत्य राहते. त्यांना लुटले तर विरोध होत नाही, पण लुटणारी माणसे नंतर खिन्न होतात, खचतात. युद्ध कोणत्या दिवशी संपणार हे खेळाडूला कळत नाही. म्हणजे सेनापतीच्या पटावरून गळलेल्या दोन्ही गोष्टी, घराचा मालक आणि अज्ञात वसंत, येथे परत आलेल्या दिसतात. २०२० साली पोलंडच्या पंतप्रधानांनी शालेय वाचनयादीत या खेळाचा समावेश करण्याची घोषणा केली, ती यामुळेच समजण्यासारखी आहे. तथापि येथेही पश्चात्ताप ही मोजता येणारी अवस्था होते. पुरेशा विश्रांतीने आणि सोबतीने ती उतरवता येते. चतुर खेळाडू वृद्धांचे अन्न आणि सोबत्यांची खिन्नता यांचा ताळेबंद मांडून चोरी परवडते की नाही हे ठरवू शकतो. सदसद्विवेक हिशेबात आणला की तोही खर्चाची एक बाब होतो. या पेचातून खेळाची सुटका नाही, कारण नियमावाचून खेळ नाही आणि मोजणीवाचून नियम नाही.

मोजणीच्या पलीकडे काय उरते हे पाहण्यासाठी पुन्हा लेनिनग्राडकडे, त्याच १९४१-४२ च्या हिवाळ्याकडे, जावे लागते. निकोलाय वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर हिंडून जमवलेल्या बियाण्यांचा संग्रह त्या शहरातील संस्थेत होता. वाविलोव्ह स्वतः १९४० मध्येच अटकेत पडले होते आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी न तापवलेल्या खोल्यांत हा संग्रह थंडीपासून, उंदरांपासून आणि भुकेल्या हातांपासून राखला. तांदळाचे अभ्यासक द्मित्री इव्हानोव्ह तांदळाच्या वाणांची राखण करीत उपासमारीने गेले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन टेबलाशी काम करतानाच कोसळले. मूठभर दाणे शिजवले असते तर काही दिवस अधिक मिळाले असते. एखाद्या युद्धखेळात हा साठा नोंदवला गेला, तर तो अन्न म्हणूनच नोंदवला जाईल. मग शहाणा खेळाडू तो वाटून टाकील, आणि नियमांच्या चौकटीत त्याचे चुकणारही नाही. इव्हानोव्ह यांची कृती त्या चौकटीत चुकीची खेळी ठरते.

हाही हिवाळ्यातील बचावच होता. येथे राखणारे स्वतः बाहेरच्या थंडीत राहिले आणि ऊब, अन्न, आयुष्य जे काही होते ते पुढे येणाऱ्या अनोळखी माणसांसाठी शिल्लक ठेवले. काही मैलांवरच्या फळीतील सेनानी दुसऱ्यांना बाहेर काढून आपली माणसे आत बसवीत होते. दोन्ही ठिकाणी संयम होता, शिस्त होती, कष्ट सोसण्याची तयारी होती. एकाला बचावाचे पुण्य द्यावे आणि दुसऱ्याला का देऊ नये, हे या गुणांवरून ठरत नाही. बाहेरच्या थंडीत कोण राहिले यावरून ते ठरते. युद्धखेळाचा पट पुढे असलेल्या खेळाडूने, आणि युद्धाचा इतिहास पुढे असलेल्या वाचकानेही, एखादी सोंगटी गावाच्या घरात बसताना पाहिली की तेवढा एक प्रश्न विचारायला हरकत नाही. नियमावलीत त्याचे उत्तर सापडणार नाही. ते गावांच्या, कैद्यांच्या आणि वेढलेल्या शहरांच्या कागदपत्रांत शोधावे लागेल, आणि तेथे ते सापडते.